मोठ्या दाण्याचा वाल

दाजींच्या घरी गेलं की पाण्याच्या आधी हातावर वाल यायचे. एका तळहातावर एक जात, दुसऱ्यावर दुसरी. "डोले मिटा. आता सांगा, मोठा कंचा?" आपण चुकलो की त्यांना भलता आनंद व्हायचा.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बाळकुमला चारी बाजूंनी टॉवर उठले, भाऊबंदांनी जमिनी बिल्डरला दिल्या, तरी घरामागचा एक तुकडा त्यांनी राखला होता. भात कापलं की त्याच ओलीवर ते वाल पेरत. शेजारी शेजारी वाफे, प्रत्येकात वेगळं बियाणं: गावचं बारीक, सोयऱ्यांकडून मागून आणलेलं, कृषी केंद्रातलं. काढणीनंतर प्रत्येक वाफ्याचे वाल वेगळे झोडायचे, वेगळे तोलायचे.

हा खटाटोप कशासाठी, ते ताईने मला सांगितलं. तिला संधिवात होता. मोड आलेले बारीक वाल सोलताना तिची बोटं ठणकत. पण दाजींचा सोललेल्या वालांच्या उसळीवर, बिरड्यावर फार जीव, म्हणून ती सोलायचीच. मोठ्या दाण्याची साल चटकन सुटते. "पन मोठा हाय त्याला शेंगाच नाय," दाजी वैतागायचे, "नि शेंगा हायत त्याचा दाना बगा कवरासा!" ताई म्हणायची, "अहो, सोललेले मिळतात बाजारात." "इकतचे? आपल्या घरान?" एवढंच म्हणून ते वाफ्याकडे निघून जायचे. मोठ्या दाण्याच्या ज्या झाडाला त्यातल्या त्यात जास्त शेंगा, त्याचंच बी पुढच्या साली पेरायचे. अशी कितीतरी वर्षं गेली.

मागच्या थंडीत वाल फुलावर असताना ताई गेली. सकाळी चहा ठेवता ठेवता कोसळली, संध्याकाळी सगळं संपलं.

दाजी वाफ्यांकडे फिरकेनात. शेंगा वाळून तडकायला लागल्या तेव्हा मीच कळव्याहून गेले. म्हटलं, "दाजी, चला, काढू या." ते उठले. दोघांनी वाल काढले, झोडले. काट्यावर आधी बारीक दाण्याचा वाफा तोलला, मग मोठ्या दाण्याचा. पहिल्यांदाच मोठा जास्त भरला. दाजींनी तो उतरवून पुन्हा तोलला. तेवढाच भरला.

ते खाली बसले. मूठभर वाल हातात घेतले.

"आता कुनाला सोपं करू?" ते म्हणाले.

त्यातलेच थोडे त्यांनी भिजत घातले. मोड येईपर्यंत मी तिथेच राहिले. मग ते स्वतः सोलायला बसले, मला हात लावू दिला नाही. चिमटीत धरला की दाणा सालीतून अलगद बाहेर यायचा. पातेलं भरलं तसं ते रडायला लागले, पण हात थांबले नाहीत. सगळे वाल त्यांनी माझ्या डब्यात भरले.

"घरी ने. पोरांना कर. माझ्याच्यानं नाय खावनार."

घरी येऊन मी बिरडं केलं. मुलांनी पुन्हा पुन्हा मागून घेतलं. मी फक्त वाढत राहिले.

यंदा भात कापून झालं. जमिनीत ओल चांगली होती. दाजींनी काही पेरलं नाही.