दानीएलआप्पांनी न दिलेला निकाल

दानीएलआप्पा गेल्याचं कळलं तेव्हा मी मनातल्या मनात त्यांच्याशीच भांडत होतो. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना असं काही लिहू नये म्हणतात. पण आता गोडगोड लिहायला बसलो तर मलाच माझी लाज वाटेल. सकाळी दाढीचं पाणी काढून बसलो होतो, तेवढ्यात त्यांच्या शेजारच्या खोलीतला माणूस दारात येऊन उभा राहिला. "मास्तर, आप्पा उठंनात," एवढंच म्हणाला. मी अर्ध्या दाढीनिशी कॅम्पातल्या त्यांच्या खोलीवर गेलो. कॉटवर उताणे निजलेले, हात पोटावर, चेहऱ्यावर सदाची ती शांत कळा. मला रडू आलं नाही. 'गेलात ना शेवटी, काही न बोलता?' असंच मनात आलं. आज पाच आठवडे झाले, तो राग काही उतरत नाही.

आप्पा माझे नात्यागोत्याचे कुणी नव्हेत. कॅम्पात त्यांचं शिवणकाम होतं, पलटणीतल्या शिपायांच्या विजारी-कोट दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. मी इथल्याच शाळेत मास्तर. आम्हा दोघांना बांधणारी गोष्ट म्हणजे आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चमधली माणसं. या मंडळीचे आम्ही दोघे पंच होतो. आमच्यात वर्षातून चार वेळा प्रभुभोजन असतं. येशूच्या आठवणीसाठी भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट सगळ्यांनी मिळून घ्यायचा. त्याआधीच्या आठवड्यात पंचांनी आपापल्या वाटणीच्या घरी जायचं, प्रार्थना करता का, कुणाशी वैर आहे का, देवाला सोडून दुसरीकडे हात जोडले का, असं विचारायचं, आणि समाधान झालं तर चिठ्ठी लिहून द्यायची. चिठ्ठी असेल त्यानं पुढं मेजाशी यावं, नसेल त्यानं मागच्या बाकावर बसून बघावं. पंचांनाही यातून सुटका नव्हती. आप्पांची चिठ्ठी मी लिहायचो आणि माझी आप्पा लिहायचे.

मी तिसरी-चौथीच्या वह्या तपासणारा माणूस. घरोघरी जाऊन चौकशी करायचो ती तशीच, एकही चूक नजरेतून सुटू द्यायची नाही. माझ्या वाटणीच्या वीस घरांत दर खेपेला दोघं-तिघं तरी मागच्या बाकावर जायचे, आणि त्याचा मला अभिमान वाटायचा... हो, अभिमानच, दुसरा शब्द नको. आप्पांच्या वाटणीतलं एक माणूस कधी मागं बसलं असेल तर शपथ. मशीनवर बसल्या बसल्या ते समोरच्याचं ऐकून घ्यायचे, "व्हय का?" म्हणायचे, दोरा दातानं तोडायचे आणि चिठ्ठी लिहायचे. एकदा सख्ख्या भावाशी डोकेफोड केलेल्या गड्याला त्यांनी चिठ्ठी दिली, तेव्हा पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, त्यांना सगळ्यांदेखत विचारलं. आप्पा म्हणाले की त्याला इथं नको म्हटलं तर तो जाणार कुठं, ते आधी सांगा. पाळकसाहेबांनी विषय तिथंच सोडला. मी मात्र घरी येऊन बायकोपुढं तासभर तणतणलो, की असल्या ढिलेपणानं मंडळीचं वाटोळं होणार.

आता रूबेनचं सांगायला हवं. त्याचं नाव आलं की लेखणी अडते. रूबेन माझा धाकटा भाऊ, गुंजीच्या स्टेशनवर पॉइंटमन, म्हणजे गाड्यांसाठी रूळ बदलणारा, होता. गुंजी म्हणजे खानापूरच्या पुढं, रानाला लागून. रूबेन, त्याची बायको सारा आणि दीड वर्षाची रूथ, एवढंच आमच्या मंडळीचं तिथलं घर. एका वर्षी रूथला ताप आला तो उतरेना. दवाखाना लांब, रात्रीची गाडी नाही, पोर डोळे फिरवायला लागली. शेजारणी म्हणाल्या देवीला कोंबडा नारळ बोल, आणि रूबेन घाबरून देवीकडे गेला. कोंबडा दिला, नारळ फोडला. पोर वाचली. पुढच्या प्रभुभोजनाच्या आधी मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा मी विचारायच्या आधीच त्यानं सगळं आपल्या तोंडानं सांगितलं. लपवलं असतं तर मला काडीचा पत्ता लागला नसता.

नियम सरळ होता. मंडळीपुढं उभं राहायचं, चुकलो म्हणायचं, मनापासून वाईट वाटतंय म्हणायचं. मग चिठ्ठी. मी त्याला तसं सांगितलं.  रूबेन म्हणाला, "उभा राहतो अण्णा. केलं म्हणून सांगतो. पण पोरगी वाचली न्हवं माझी? मग वाईट वाटतंय असं खोटं कसं बोलू मी, ते बी देवाच्या घरात?"   मी चिठ्ठ्यांचं पुस्तक मिटलं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आलो. साराला चिठ्ठी देऊ केली होती, तिनं घेतली नाही. ह्यांना नाही तर मलाबी नको म्हणाली. त्यानंतर दोन वर्षं दर प्रभुभोजनाला ती दोघं पोरीला घेऊन गाडीनं यायची, मागच्या बाकावर बसायची, आणि भाकरीचं ताट पुढच्या बाकांवरून फिरताना बघायची. ते ताट फिरवणारा मीच असायचो.

मग पावसाळ्यात रूबेनला हिवतापानं धरलं. एका गुरुवारी रेल्वेतल्या माणसाकडून निरोप आला. मी बरा होईनसं वाटत नाही, येत्या रविवारी प्रभुभोजन आहे, मला इथंच द्यायला पाळकसाहेबांना घेऊन या. पंचाची चिठ्ठी असल्याशिवाय पाळकसाहेब आजाऱ्याकडेही जात नसत. मी निरोपाला कागदावर उत्तर लिहिलं, की आधी पश्चात्ताप लिहून पाठव, त्याच दिवशी चिठ्ठी आणि पाळकसाहेब दोन्ही घेऊन येतो. आता कबूल करतो... ते वाक्य मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं. नीट उतरावं, ठसठशीत दिसावं म्हणून. भाऊ तिकडं तापानं फणफणत होता आणि मी इकडे वाक्याला इस्त्री करत होतो.

रविवारी चर्चमध्ये शिरलो तर दानीएलआप्पा मागच्या बाकावर. लोक वळून वळून बघताहेत. मला काही उमगेना, कारण त्यांची चिठ्ठी मीच चार दिवसांपूर्वी लिहून दिली होती. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, तेव्हा आप्पा म्हणाले की माझी चिठ्ठी मी एकाला दिली. कुणाला ते सांगितलं नाही. असली दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी कामाची नाही हे पाळकसाहेबांनी समजावून सांगितलं, आप्पांनी मान हलवली आणि ते घरी गेले. सोमवारी रूबेन गेला. मी गुंजीला पोचलो तेव्हा त्याला कोरा सदरा घालून ठेवलं होतं. सदऱ्याच्या खिशातून कागदाचं टोक बाहेर डोकावत होतं. मी ओढून बघितलं. चिठ्ठी आप्पांच्या नावाची, अक्षर माझं. त्याच रेल्वेतल्या माणसाकडून कळल्यावर शनिवारच्या गाडीनं येऊन आप्पांनी ती त्याच्या हातात ठेवली, रात्रभर उशाशी बसले आणि पहाटे परत फिरले, हे सारानं सांगितलं. माझ्याकडे न बघता सांगितलं. मी चिठ्ठी होती तशी खिशात ठेवली आणि रूबेनला मातीआड केलं.

माझं आणि आप्पांचं खरं भांडण इथून सुरू झालं, आणि ते सगळं एकतर्फी. मला वाटलं होतं ते मला फैलावर घेतील. तीन महिन्यांनी ते माझ्याकडे आले, नेहमीच्या खुर्चीवर बसले, नेहमीचं विचारलं. मी म्हणालो, आप्पा, रूबेनचं विचारा. ते म्हणाले, ते विचारायचं मंडळीच्या नियमाच्या पुस्तकात न्हाय, आणि चिठ्ठी लिहून माझ्यापुढं सरकवली. मी ती घेतली, पुढं गेलो, भाकरीचा तुकडा तोंडात टाकला, आणि तो काही केल्या गिळवेना. पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेला तेच. वीसहून जास्त वर्षं हे चाललं! एकदा माझा तोल गेला. त्यांच्या खोलीत जाऊन, मशीनचं चाक हातानं थांबवून मी विचारलं, की एकदाचं सांगून टाका, मी चुकलो की नाही?

"मास्तर, मला इचारू नगा. मी काय न्यायाधीश न्हाय," आप्पा म्हणाले.

"मग मला चिठ्ठी कशी देता?"

"ती द्यायला न्यायाधीश लागत न्हाय." आणि माझा हात बाजूला करून ते पुन्हा शिवायला लागले.

काय करावं अशा माणसाचं? शिव्या दिल्या असत्या तर मी उलट चार दिल्या असत्या, मोकळा झालो असतो. मागच्या बाकावर बसवलं असतं तर मान खाली घालून बसलो असतो, आणि वर्षा-दोन वर्षांनी भोगून झालं म्हणून पुढं आलो असतो. शिक्षेला शेवट असतो. आप्पांनी मला दिलं त्याला शेवटच नव्हता, आणि मी ते मागितलंही नव्हतं. लहानपणापासून माझा देव म्हणजे शाळा तपासायला येणारा साहेब. वर्षाअखेर तो येणार, एकेकाला उभं करणार, आळशी पोरं नापास होणार आणि माझ्यासारख्याची पाठ थोपटणार. या भरवशावर मी पहाटे उठून प्रार्थना केल्या, दारूला शिवलो नाही, खोटी साक्ष दिली नाही. सगळेच पास होणार असतील तर माझ्या या सगळ्या मेहनतीचं काय, हा प्रश्न मी देवाला किती वेळा विचारला असेल याची गणती नाही. जगाच्या अखेरीच्या न्यायाच्या दिवसाबद्दल मी उपदेश केले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं नेहमी दुसऱ्यांची तोंडं असायची. रूबेनचं असायचं. खरं सांगायचं तर तो नापास व्हावा, मग मीच त्याला हात देऊन वर काढावा, असं काहीतरी माझ्या पोटात होतं. दया करायचीच असेल तर ती माझ्या हातून, माझ्या अटीवर व्हावी. आप्पांनी ती न विचारता करून टाकली, आणि वर मलाही त्यात ओढलं. याचा राग येतो. साठीच्या वर गेलेल्या माणसानं एवढ्यासाठी मेलेल्या माणसावर धुसफुसावं हे शोभत नाही, कळतं मला. पण येतो.

आप्पांना पुरल्यावर पाळकसाहेबांनी त्यांच्या वाटणीची घरं माझ्याकडे दिली. आताचे पाळकसाहेब तरुण आहेत, त्यांना मागचं काही ठाऊक नाही. यादीत शेवटचं नाव साराचं होतं. रूबेन गेल्यावर ते घर आप्पांनी आपणहून मागून घेतलं होतं, आणि दर तीन महिन्यांनी ते गुंजीला जात. मी इतक्या वर्षांत एकदाच गेलो, रूथच्या लग्नाला, आणि मांडवाच्या कडेला उभा राहून आलो. रूथ आता खानापुरात शाळेत शिकवते, तिला दोन मुलं आहेत. सारा गुंजीतच स्टेशनच्या पलीकडे दोन खोल्यांत राहते, थोडं भात करते. मागच्या आठवड्यात सकाळच्या गाडीनं मी गेलो. ती अंगणात भात वाळत घालत होती. बसा म्हणाली नाही. आप्पा गेले, आता मला नेमलंय, असं मी उभ्या उभ्याच सांगितलं. तिला काही विचारायचं माझं धाडस झालं नाही. चिठ्ठी गुडघ्यावर धरून लिहिली आणि पुढं केली. तिनं हात पुढं केला नाही.

"अण्णा, तुमी लई वाईट केलं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "आमचे हे तुमच्या वाटेकडं डोळं लावून गेले. मी तुमास्नी माफ केलेलं न्हाय. आप्पा दर खेपेला म्हणायचे, सोड गं पोरी. मला न्हाय सुटलं."

म्हणजे तिच्याजवळ आप्पा बोलत होते तर. माझ्यासाठी रदबदली करत होते, वर्षानुवर्षं, आणि मला एका अक्षरानं कळू दिलं नव्हतं. मला वाटायचं कुणी एकदा असं तोंडावर सांगितलं की माझं ओझं उतरेल. उतरलं नाही.  तोंडाशी नियमाचं आलं होतं, पंचांच्या जबाबदारीचं आलं होतं, सगळं वर्षानुवर्षं पाठ केलेलं. ते बाहेर पडलंच नाही.

"व्हय," मी म्हणालो. "वाईट केलं."

सारानं माझ्याकडे पहिल्यांदा बघितलं.  मग सुपातलं उरलेलं भात चटईवर पसरलं, हात झटकले आणि आत गेली. मला वाटलं, झालं, आता निघावं. गाडीला अजून दोन तास होते, स्टेशनवर बसलो असतो. चिठ्ठी कुठं ठेवावी ते कळेना म्हणून हातातच धरून उभा राहिलो. आतून भांड्यांचा आवाज आला. तिनं तांब्या आणून उंबऱ्यावर ठेवला. हात धुवा म्हणाली. मी चिठ्ठीचं काहीतरी पुटपुटलो.

"ती राहूदे," सारा म्हणाली. "आधी जेवा. आप्पाबी जेवल्याबिगर कधी गेले न्हाईत."

मी हात धुतले. आत मधल्या खांबाला लागून एकच पाट मांडला होता, त्यावर बसलो. भात आणि सुकटाची आमटी होती. ती समोर बसून राहिली, तिच्या चेहऱ्यावरचं काही बदललेलं मला तरी दिसलं नाही. ताटातलं संपत आलं तशी ती उठली आणि न विचारता पुन्हा भात वाढला. मी नको म्हणालो नाही.