ह्यात चटणीबी होते

कराडात आमच्या कॉलनीत मला लिंकावाल्या बाई म्हणतात. त्यामुळं अधूनमधून एखादी बाई जिन्यात गाठते आणि विचारते, घरबसल्या हे लिंकांचं कसं जमवायचं, मलाही शिकवा की. मी तिला घरात बोलावते, चहा देते आणि सगळं समजावून सांगते. अ‍ॅफिलिएट मार्केटिंग म्हणजे दुसऱ्याच्या वस्तूचं आपण कौतुक करायचं, तिची लिंक आपल्या नावानं पाठवायची, आणि कुणी त्या लिंकवरून खरेदी केली की कंपनी आपल्याला कमिशन देते. वस्तू आपली नाही, दुकान आपलं नाही, गोडाऊन तर नाहीच. फक्त तोंड आपलं. माझ्या सासूबाईंनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या शेंगा फोडत होत्या. त्या म्हणाल्या, "आगं, मग हे तर मी जल्मभर फुकाट करत आलीया."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्या भागात शिफारस ही विकायची गोष्टच नाही. सांगलीला भांडी घ्यायला निघालेल्या माणसाला वाटेत भेटेल तो सांगतो, अमक्या दुकानात जा, माझं नाव सांग. दुकानदाराला ते नाव आठवत नसतं, तरी तो "हां हां, त्यांची माणसं व्हय" म्हणतो आणि आधी वाढवलेला भाव तेवढाच उतरवतो. सगळे खूश. अशा मुलखात मी कमिशनवर शिफारस करायला निघाले होते, म्हणजे पाण्याच्या टाकीखाली पाण्याच्या बाटल्या विकायला बसण्यासारखंच.

मी एक ऑनलाइन क्लास केला होता. क्लासचे सर पुण्याचे, शर्ट इस्त्रीचा, मागं पुस्तकांचं कपाट, त्यातलं एकही पुस्तक हललेलं कधी दिसलं नाही. ते सांगायचे, आधी एक विषय धरा, सगळंच विकू नका. मी स्वयंपाकघर धरलं, कारण ते मला असंही सोडता आलं नसतं. ते सांगायचे, कमिशन मिळतं हे लपवू नका, तसं खाली स्पष्ट लिहा, लोकांचा विश्वास वाढतो. मी मिक्सरच्या पोस्टखाली इमानेइतबारे लिहिलं. त्यावर पाटणच्या मावशीचा लगेच फोन आला. "किती मिळतंय गं तुला ह्यात?" मी आकडा सांगितला. "मग तेवढं मला सोड की," मावशी म्हणाली. मला सोडता येत नाही, ते कंपनीकडून येतं, हे तिला पटलं नाही. तिनं माझ्या पोस्टमधला मिक्सरचा फोटो मोबाईलवर घेतला, बसनं कराडला आली, मंडईजवळच्या दुकानात तो फोटो दाखवून घासाघीस केली, माझं नाव सांगितलं आणि मिक्सर घेऊन आमच्याकडंच जेवायला आली. जेवताना मिक्सरचं फार कौतुक केलं. तुझ्यामुळं चांगला मिळाला म्हणाली.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते. पण सरांचा एक मंत्र होता, आणि तो मला अजून ऐकू येतो. ते म्हणायचे, कंपनीची भाषा बोलू नका, तुमच्या माणसांच्या तोंडची भाषा बोला. छापील शब्द वाचून कुणी पाकिटाला हात घालत नाही. हा सल्ला मला फार आवडला. बाकीचे सल्ले मी वहीत उतरवले, हा मात्र मनावर घेतला.

माझं माहेर सांगलीच्या अलीकडं आहे. तिथली पिठाची गिरण बंद पडली होती. गिरणवाले मुलांकडं राहायला गेले आणि दाराला कुलूप लागलं. दळण करायचं म्हणजे शेजारच्या गावी जायचं, तिथं गर्दी, आणि गाडी चालवणारं माणूस घरात नसलं की डबा तसाच पडून. त्या दिवसांत माझ्या वहिनीचा फोन आला. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा मिलिटरीतून रिटायर झालाय आणि आता खंडाळ्याकडं एका कंपनीत सिक्युरिटीत आहे, सुट्टीला घरी येतो. उसाचं वाटेकरी बघतात, त्यांना रानात पाणी पाजायची आठवण फोनवरून दादा करून देतो, घरातल्या किल्ल्या कुठं आहेत तेही दादाच सांगतो. वहिनीच्या नावावर त्या घरात गॅसचं कार्ड तेवढं होतं.

"वन्सं, घरात दळायचं मशिन येतं म्हणं," वहिनी म्हणाली. "मी आळीतलं दळण करीन म्हणती. हे नगं म्हणत्यात. घरात काय कमी हाय का, म्हणत्यात."

वहिनी कधी काही मागत नाही. माझ्या बाळंतपणात ती सगळं घर सोडून माझ्यापाशी राहिली होती, तेव्हाही तिनं स्वतःसाठी चहा कधी मागितला नाही. त्यामुळं ही मागणी ऐकून मला दादाचा राग आला आणि धंद्याचा आनंद झाला. दोन्ही एकदमच झाले, खोटं कशाला बोलू. मी चांगल्या घरघंट्या शोधल्या, लोकांचे अभिप्राय वाचले, एक निवडली आणि तिची लिंक वहिनीला पाठवली. मग वाटलं, एवढा अभ्यास केलाय तर माहेरच्या बायकांच्या ग्रुपवरही टाकावी. वहिनीकडचं मशिन बघून आणखी दोघीतिघी घेतील.

कंपनीच्या माहितीत लिहिलं होतं, गहू, ज्वारी, बाजरी, डाळी आणि मसाला दळता येतो. आता मसाला हा शब्द आमच्या बायकांच्या तोंडात नाही. मसाला म्हटलं की त्यांना पुडीतला गरम मसाला आठवतो, आणि तो कोण दळत बसतंय? आमच्याकडं वर्षभर पुरते ती चटणी. त्यामुळं मी सरांचा मंत्र आठवला आणि आपल्या माणसांच्या भाषेत लिहिलं: शाळू दळा, गहू दळा, ह्यात चटणीबी होते.

ज्यांचं माहेर या बाजूचं नाही त्यांना यातली मेख कळायची नाही. कंपनीचा मसाला म्हणजे कडकडीत वाळलेली मिरची आणि धने. आमची चटणी म्हणजे मिरचीच्या जोडीला तेलात तळलेला कांदा, लसणाच्या पाकळ्या, भाजलेलं खोबरं आणि मीठ. ती कांडपावर कुटतात, दळत नाहीत. हातात घेतली तर लाडू वळता येईल इतकी ओलसर. हे मला माहीत नव्हतं असं नाही. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर नुसती लाल मिरचीपूड होती, आणि तिलाही आमच्यात चटणीच म्हणतात. शब्द एक, वस्तू दोन. खोटं मी लिहिलेलं नाही, हे मी अजून म्हणते.

वहिनीनं साठवलेल्या पैशांतून लिंकवरून मागवलं आणि मशिन आलं. वहिनीनं त्याला हळदकुंकू लावून फोटो पाठवला. घराच्या पुढच्या सोप्यात खिडकीखाली जागा केली होती, वर स्वतः शिवलेला कपडा घातला होता. आळीतल्या बायका डबे घेऊन येऊ लागल्या. वहिनीचा आवाज फोनवर बदलला. पूर्वी ती "हां, बरं" एवढंच बोलायची, आता कुणाचं पीठ बारीक लागतं आणि कुणाचं भरड ते मला सांगत बसायची. दादाला तिनं कळवलंच नव्हतं. "येतील तवा चालूच दावती," म्हणाली. "चालू असल्यावर काय म्हणतील?"

आणि मग चटणीचे दिवस आले. दादा रविवारी येणार होता आणि शुक्रवारी वहिनीचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "वन्सं, मशिन घुंघुं करतंय आन् फिरंना झालंय. लसणाचा वास येतूय."

मी कंपनीच्या मदतक्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या मुलीनं हिंदीत विचारलं, आत काय घातलं होतं? मी चटणी म्हणाले. ती म्हणाली, चटणी तो मिक्सर में बनती है ना? तिच्या डोळ्यांसमोर कोथिंबीर आणि पुदिना असणार. मी तिला कांदा-लसूण समजावून सांगितला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि ओला पदार्थ घातल्यानं वॉरंटी संपली असं सांगितलं. पुढं विचारलं, आपण ग्राहक का? मी म्हणाले, नाही, माझ्या लिंकवरून घेतलंय. म्हणजे आपला याच्याशी काही संबंध नाही, ती म्हणाली.

तिच्या दृष्टीनं ते खरंच होतं. क्लासमध्येही सरांनी तेच शिकवलं होतं, की या धंद्यात जबाबदारी नाही, हीच त्याची गंमत. पण आमच्याकडं सोयरीक जुळवणाऱ्याला लग्नात मानाचा टॉवेल-टोपी मिळते, आणि पुढं पोरगी रुसून माहेरी आली की दोन्हीकडचा पहिला फोनही त्यालाच जातो. मी शनिवारी सकाळची सांगलीची बस पकडली.

सोप्यात मिरचीचा असा ठसका होता की मी उंबऱ्यातच शिंकायला लागले. वहिनीनं नाकाला पदर बांधला होता. शेजारची काकी दारात बसूनच म्हणाली, "तुझी पोस्ट वाचूनच मी चटणी आणली बग. आता माझी निम्मी आतच हाय." काकीचा सूर मशिनपेक्षा चटणीच्या काळजीचा होता. आम्ही दोघी खाली फतकल मारून बसलो. वहिनी जाळी काढून घासत होती, मी जुन्या टूथब्रशनं आतली पाती. लाल लगदा कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन बसला होता. माझी बोटं चुरचुरत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि त्यातलं सगळंच मिरचीचं नव्हतं. उद्या दादा येणार, हे बंद मशिन बघणार, आणि "म्या म्हटलं हुतं" म्हणणार. ते वाक्य वहिनी पुढं कितीतरी वर्षं ऐकत राहणार, हे मला दिसत होतं.

पण दादा रविवारची वाट बघायला थांबलाच नाही. ड्यूटी बदलून शनिवारी दुपारीच आला. बॅग खांद्यावर तशीच ठेवून तो दारात उभा राहिला, आमच्याकडं बघितलं, मशिनकडं बघितलं, दोनदा शिंकला.

"कवा घेतलं हे?" त्यानं विचारलं. वहिनी जाळीच घासत राहिली. "आन् चटणी कुणी घातली ह्यात?"

माझा स्वभाव तापट आहे. कुणी जाब विचारला की मला आधी उत्तर सुचतं, विचार नंतर. आणि मला वहिनीचाही राग यायला लागला होता. मी म्हणाले, "मी आपलं लिहिलं असेल चटणी. पण वहिनी, तुम्ही एवढी वर्षं चटणी करता. लसूण-कांदा दळायच्या मशिनात जात नाही, एवढं तुम्हाला कळू नये?"

वहिनीनं नाकावरचा पदर खाली केला.

"कळत हुतं की," ती म्हणाली. "लसूण-कांदा बघूनच कळलं हुतं. पर काकी म्हणली, तुझ्या नणंदंनं लिवलंय होते म्हणून. चार बायका बसल्या हुत्या. न्हाई होत म्हणलं आसतं तर तुमी खोट्या पडला आसता, वन्सं. माहेरच्या गावात. म्हणून मग घातली."

एवढं बोलून ती परत जाळी घासायला लागली. जे मशिन तिनं जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी घेतलं होतं, ते तिनं माझ्या एका शब्दासाठी जाणूनबुजून बिघडवलं होतं, आणि मी तिलाच बोल लावत होते. मला इतकी लाज वाटली की ब्रश हातातून खाली ठेवताही येईना.

दादा दारातून आत आला. त्यानं बॅग खुंटीला अडकवली, माळ्यावरून पाना आणि स्क्रूड्रायव्हर काढले आणि आमच्या दोघींच्या मधे येऊन बसला. मोटरचा पट्टा उतरवत तो वहिनीला म्हणाला, "आतला डबा धर जरा."

मी वहिनीला म्हणाले, "उद्यापासून बायकांना सरळ सांगा, माझ्या नणंदेचं लिहिताना चुकलं."

"चुकलं कशाला म्हणायचं?" वहिनी म्हणाली. तेवढ्यात काकी दारात वाकली, उरलेली चटणी कधी दळून देणार म्हणून विचारायला. वहिनी डबा धरूनच तिला म्हणाली, "आता चटणी घालायची न्हाई, काकी. वन्सं नगं म्हणल्यात."