डिकीचं अस्तर

मोटारीच्या डिकीला लाल वेलवेटचं अस्तर लावणारी बाई अख्ख्या राहुरी तालुक्यात मी एकटीच असेन. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मला शिवणाची अशी काही खाज सुटली होती, की फ्रिजला टोपी, टीव्हीला झालर, मिक्सरला परकर, घरातलं काही म्हणून मी उघडं ठेवलं नव्हतं. त्यात ह्यांनी सेकंडहँड पांढरी मोटार घेतली. डिकीच्या आत दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याच्या फळ्या होत्या, अगदीच बोडक्या दिसायच्या. ओट्याखालच्या कपाटाचे उरलेले पितळी स्क्रू घेतले आणि वेलवेट दिलं पक्कं करून. पुठ्ठ्यामागं काय असेल, हा विचार मनाला शिवला नाही. स्वतःला मोठी कारागीर समजत होते ना.

आम्ही राहायला देवळाली प्रवराला, आणि माझी आई पाथर्डीच्या पुढं एका वाडीवर एकटी. आमच्या उसाच्या गावात तिला करमायचं नाही. ओल फार, डास फार, माणसं फार, अशी तिची तक्रार. एस्टीनं तिच्याकडं जायचं म्हणजे राहुरी, नगर, पाथर्डी असं बदलत जायचं आणि शेवटी जीपमध्ये कुणाच्या तरी मांडीवर अर्धं बसायचं. त्यामुळं वर्ष वर्ष भेट नसे. मोटार आली आणि मी महिन्याला आईकडं जाऊ लागले. निघताना आई डिकीत बाजरीचं पोतं टाकायचीच. नको म्हटलं तर पोतं आधी आणि निरोप नंतर.

जाताना गाडी गुणी असायची. येताना दिवेलागणीला ह्यांनी दिवे लावले, की थोड्या वेळानं मीटरचा उजेड जायचा. मीटर आणि मागचे लाल दिवे एकाच फ्यूजवर होते, म्हणजे मागंही अंधार. हे खाली उतरून नवा फ्यूज बसवायचे, पुढच्या खड्ड्याला तोही जायचा. राहुरीच्या मिस्त्रीनं बल्ब बदलले, होल्डर घासले, वायरी ओढून पाहिल्या. त्याच्याकडं रिकामी गाडी उभी असली, की दिवे मांडवातल्यासारखे लखलखायचे. ह्यांनी निष्कर्ष काढला, की गाडीला माझ्या माहेरचं वारं मानवत नाही.

उसाचा सीझन, रस्त्यावर ट्रक आणि ट्रॅक्टर. मग मी काय करावं? मागच्या सीटवर गुडघे टेकून उलटी बसायची आणि टॉर्चला लाल ब्लाउजपीस गुंडाळून काचेला धरायची. मागच्याला काय दिसत असेल, देव जाणे. काचेत लाल उजेड, त्यावर कपाळभर कुंकू लावलेलं माझं तोंड. एका ट्रकवाल्यानं तर स्टिअरिंगवरचे हात काढून नमस्कार केला.

एका संध्याकाळी मात्र मागचा ट्रक इतका अंगावर आला, की त्याच्या ब्रेकचा आवाज कानात राहिला. सकाळी चहा पिताना हे शांतपणे म्हणाले, आता पाथर्डी एस्टीनं, गाडीला मी गिऱ्हाईक बघतो. माझ्या डोळ्यांपुढं आई आली, ओट्यावर बसून रस्त्याकडं बघणारी.

आता मी पडले घरच्या फ्यूजची कारागीर. शेजारी लाईट आहे आणि आपली गेली, की स्टुलावर चढून चिनीमातीच्या फ्यूजला तार बांधायचं काम माझंच. म्हटलं, तार बारीक म्हणून जळते, जाड घातली तर जळेल कशाला? हे अंघोळीला गेल्यावर मी मोटारीच्या फ्यूजला चांगली जाड तार गुंडाळली, आणि गाडी विकण्याआधी एकदा आईला भेटवा म्हणून गळ घातली.

येताना दिवे गेले नाहीत. मीटर झगझगीत. मी पुढच्या सीटवर महाराणी होऊन बसले. नगर ओलांडलं आणि जळका वास आला. मी म्हटलं, कुणी शेतात उसाचं पाचट पेटवलं असेल. हे म्हणाले, पाचटाला रबराचा वास येतो का? गाडी बाजूला घेऊन त्यांनी डिकी उघडली, तर वेलवेटमागून धूर. धावत पुढं येऊन त्यांनी बॅटरीची वायर उपटली, मग पोतं ओढून रस्त्यावर टाकलं आणि अस्तर टराटरा फाडलं. पुठ्ठ्यामागं मागच्या दिव्यांची वायर, आणि तिच्या पोटातून आरपार गेलेला स्क्रू. रिकाम्या डिकीत तो बिचारा अधांतरी असायचा. बाजरीनं पुठ्ठा दाबला, की त्याचं टोक पत्र्याला टेकायचं आणि फ्यूज जायचा. त्या दिवशी जाड तारेमुळं फ्यूज गेला नाही, वायरच पेटली.

मी लगेच म्हटलं, मिस्त्रीनंच मारला असेल. ह्यांनी स्क्रू काढून हातावर घेतला. पितळी. आमचं पितळ उघडं पडलं ते असं, भर रस्त्यावर. तो मला दाखवत ते पोत्यावर बसले आणि हसत सुटले. गाडी विकायची राहिली. निकाल एवढाच लागला, की पाथर्डीला हवं तेव्हा जाऊ, पण माझं शिवण आणि आईचं पोतं, दोन्ही गाडीबाहेर.

पुढच्या खेपेला मी आईला सगळं रंगवून सांगितलं, आणि आता पोतं नको म्हणून बजावलं. मला वाटलं, ती हसेल. ती गोधडीची घडी घालत होती, तशीच घालत राहिली. मग म्हणाली, "बाजरी काय तुमच्याकडं मिळत न्हाई व्हय? पोतं नेलं की रिकामं माघारी द्यायला तरी तू येतीस, म्हनून देत हुते. आता काय निमित्त काढू, ते तूच सांग."