टेन्शन घेऊ नका, सर!

मधली भिंत एकच असली की शेजारच्यांचे किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप घरात साचतात. आदिलाबादला आमची अन् नामदेव सरांची भिंत एक. सर बेल्याकडच्या एका खेड्यात मराठी शाळेवर आहेत. मी फार चौकशा करते असं गल्ली म्हणते. म्हणू दे! सरांचं दुखणं सगळ्यात आधी मलाच कळलं. त्यांच्या परसाकडच्या दाराची कडी माझ्या ओट्यापाशी ऐकू येते, अन् ती सकाळपासून वाजतच राहायची.

*

सर म्हणायचे, "पोट बिघडलं, दुसरं काई नाही." मग रक्त पडू लागलं, तेव्हा मंदावहिनींनी ओढतच नागपूरला नेलं. डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं. आतड्याला आतून सूज, जखमा. शरीराची राखण करणाऱ्या पेशी चवताळून आपल्याच आतड्यावर उठल्या आहेत, म्हणाले. ताण वाढला की त्या आणखी पेटतात, आतड्याचं अस्तर झिरपायला लागतं, नको ते आत शिरतं, अन् त्यानं त्या अजून चिडतात.

सरांनी सगळं नीट ऐकून घेतलं अन् विचारलं, "त्यांची बदली नाही होत का?"

डॉक्टर हसले. सर नाही हसले.

*

त्यातलं 'टेन्शन घेऊ नका' तेवढं गल्लीला समजलं. मग काय, रोज कोणी ना कोणी ते सांगायला हजर! समोरच्या लक्ष्मम्मा तेलुगूत म्हणाल्या, "टेन्शन पडोद्दु, सार!" महसूल खात्यातून रिटायर झालेले गिरदावर काका तर चांगले तासभर बसले. अशाच दुखण्यानं गेलेल्या साडूची गोष्ट त्यांनी पार स्मशानापर्यंत नेली. उठताना म्हणाले, "तुमी मात्र बिनघोर राहा."

काका फाटकातून बाहेर पडले नाहीत, तोच कडी वाजली! दुसऱ्या दिवशी वहिनींनी ओसरीतली खुर्चीच उचलून आत ठेवली.

*

त्या पेशींना शांत करायच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी सरांचा चेहरा सुजला, गाल गोल गरगरीत झाले. गल्ली खूश! "वहिनी, सरांची तब्येत काय भरली हो!"

वहिनी हसल्या, आत गेल्या, अन् भिंतीपलीकडून मला त्यांचं रडणं ऐकू आलं.

*

खरं टेन्शन शाळेचं होतं. गावातली पोरं व्हॅनमध्ये बसून इंग्लिश शाळेत जाऊ लागली. पुरेशी पोरं नसली की शाळा बंद, उरलेली दुसऱ्या शाळेला जोडणार. ऑफिसातून फोन आला की सर म्हणायचे, "एकच कमी हाये, सार. देतो, देतो." फोन ठेवला की वहिनींना म्हणायचे, "पोरगं काय दुकानातून आणू?"

*

शेवटी सुट्टीत सर घरोघर निघाले. माझं माहेर त्याच गावचं, म्हणून वहिनींनी मला सोबत धाडलं. "डॉक्टरनं दुधाचा चहा बंद केला हाये. ह्यांच्यानं नाही म्हणवत नाही. तुमी म्हणा."

पण त्या गावात चहा टाळून कोणाचं पोरगं मागता येत नाही. पहिल्याच घरी मी म्हटलं, "सरांना चहा नको."

"काऊन?" म्हातारी भडकली. "आमच्या घरचा चालत नाही का?"

सरांनी मुकाट कप उचलला. मग दर घरी तेच. मी नको म्हणायची, सर प्यायचे. अन् पोरगं? त्याचं नाव आधीच व्हॅनमध्ये लागलेलं!

शेवटचं घर सुरेखाचं. तिची पोरगी यंदा पहिलीत जाणार. हे एक नाव मिळालं की शाळा वाचत होती. सर असे बोलले, असे बोलले, की मला माझी शाळा आठवली. आपल्या भाषेत शिकलं की पाया पक्का होतो, मी स्वतः लक्ष देतो, इंग्लिश काय, मागून येतंच. बोलता बोलता त्यांचा एक हात पोटावर गेला होता.

सुरेखाला पटलं. पोरीला मांडीवर ओढत ती म्हणाली, "देते सर, उद्याच नाव घाला. फक्त एक सांगा. तुमची पोरगी कोणत्या शाळेत हाये?"

सरांची मनू आदिलाबादला इंग्लिश मीडियमला आहे. मी पदराशी चाळा करू लागले.

सर उठून उभे राहिले. कपाळावर घाम डवरला होता.

"ताई," ते म्हणाले, "तुमच्याकडं संडास कुठी हाये?"