बाबीकाकांना हवा तसा कीबोर्ड

आदर्श कीबोर्ड बनवायचा म्हणून मी आणि माझा कॉलेजमित्र निखिल, आम्ही एक कोरी वही घेतली. वर्ष झालं. वहीत डिझाइन चार पानं, बाकी सगळे बाबीकाकांचे किस्से!

बाबीकाका लालबागचे. तीस वर्षं ऑर्केस्ट्रात अरेंजर कीबोर्ड वाजवतायत. डाव्या हाताने कॉर्ड धरला की आतली ढोलकी, बेस, सगळी टोळी आपोआप वाजते, तो हा कीबोर्ड. बाजारातल्या मशीनमध्ये जगभरचे ठेके, पण आपल्या कोकणातल्या बाल्या नाचाचा नाही! संताप येतो. म्हणून आम्हीच बनवायला घेतला. काकांची अट एकच: "तयार झाला की एक अख्खा कार्यक्रम वाजवीन. मध्येच माझा जुना काढायला लागला, तर तुमचा डबा गुंडाळायचा!"

*

पहिल्या चित्रात बटणंच नव्हती. सगळं टचस्क्रीन, एकदम स्लीक!

काकांनी विचारलं, "हळदीला वाजवलंयस कधी?"

"नाही."

"नवऱ्याची मावशी आधी कीबोर्डवाल्याला माखते. बटणं दे गो!"

*

बटण दाबलं की गाणं झोकात संपावं, म्हणून मी तीन सुंदर एंडिंग्ज बसवली. आठवडा गेला त्यात.

काका म्हणाले, "एकपण नको. वरातीत गाणं आपण संपवत नाय. नवऱ्याचा मामा दमला की संपतं!"

*

गाणाऱ्याला सूर झेपला नाही, तर एका बटणात पट्टी खाली आणता येते. मी त्यासाठी मोठा लाल डिस्प्ले दिला. तालमीत काकांच्या ऑर्केस्ट्रातल्या गायिका वंदनाताईंनी गाता गाता मागे वळून पाहिलं. आकडा होता -२.

गाणं बंद!

"मायनस दोन? कोणासाठी?"

"मशीन नवीन आहे, चुकतं," काका म्हणाले. आणि माझ्याकडे वळून, हळूच, "हा दिवा आजच विझव."

*

शेवटी कार्यक्रम ठरला. काळाचौकीतल्या एका चाळीची सत्यनारायणाची पूजा, रविवारी सकाळी. जुना कीबोर्ड काकांच्या खुर्चीमागे तयार.

माझा हट्ट होता की माणसाने मशीनमागे का धावायचं? मशीनने माणसामागे यावं! म्हणून आम्ही आत एक माइक बसवला होता. टाळ्यांची लय ऐकायची आणि ठेका तसा धरायचा.

आरती सुरू झाली. टाळ्या जराशा चढल्या, तसा ठेका चढला. ठेका चढला म्हणून टाळ्या आणखी चढल्या. दुसऱ्या आरतीला लोक अर्धे शब्द गिळत होते. घंटा वाजवणारे आजोबा हात बदलून बदलून थकले. तिसरी तर कोणती होती, तेच कळलं नाही. चार मिनिटांत सगळ्या आरत्या खलास!

भटजी ओरडले, "अहो, शिरा अजून गॅसवर आहे!"

मी घामाघूम. काकांजवळ जाऊन म्हटलं, "सॉरी काका, तो माइक आजच काढून टाकते."

काकांनी खुर्चीमागचा जुना कीबोर्ड उचलला आणि सोबत आलेल्या पुतण्याच्या हाती घरी धाडला.

"हात तर लाव त्या माइकाला! गणपतीत एका संध्याकाळी सात मंडळांची आरती असते माझी!"