ऊसतोडीला गेलेलं पुस्तक

निकालाच्या आदल्या दिवशी शाळेतलं पुस्तकांचं कपाट उघडलं आणि एक पुस्तक कमी भरलं. ते कुठं गेलंय हे सबंध गावात मला एकट्यालाच माहीत होतं.

मी शाळेत कशाला कडमडलो होतो ते आधी सांगतो. आमची म्हातारी, म्हणजे माझी बायको, शाळेत खिचडी शिजवायची. पौषात ती गेली. शाळेतल्या स्वयंपाकाच्या खोलीत तिची घरून नेलेली परात आणि उलथनं तसंच पडलेलं. घेऊन जा म्हणून बाईंचे निरोपावर निरोप, पण माझा पाय निघत नव्हता. आता वर्ष संपलं, खोलीला सुट्टीभर कुलूप लागणार, म्हटल्यावर गेलो.

बाई म्हणजे शाळेतल्या मास्तरीण, माझ्या लेकीच्या वयाच्या. वर्गात सतरंजी अंथरून त्यांनी सगळी पुस्तकं मांडली होती आणि फडक्यानं एकेक पुसत होत्या. गोष्टींची पुस्तकं, रंगीत चित्रांची, वास पण नवा. पोरांनी वाचावं म्हणूनच सरकारनं दिलेली. पण फाटलं, हरवलं तर जाब बाईंना. म्हणून वर्षातनं एखाद्या दिवशी बाहेर निघायची, संध्याकाळच्या आत परत कपाटात. वर्ष संपलं की पुसायची, वरून आलेल्या साहेबाला दाखवायची आणि पुन्हा किल्ली.

बाई कपाटाखाली हात घालून चाचपत होत्या.

"बाबा, एक सापडत नाही. शेळीचं होतं बघा, वर एसटीचं चित्र असलेलं."

"सापडायचं न्हाई," मी म्हणालो. "ते ऊसतोडीला गेलंय."

बाई खालीच बसल्या.

मग मला सगळं सांगावं लागलं. दिवाळीच्या आधी असाच एक पुस्तकं बाहेर काढायचा दिवस होता. तिसरीतली एक पोरगी, लई गोड वाचायची, ती शेळीचं पुस्तक घेऊन म्हातारीपाशी बसली. म्हातारीला अक्षर येत नव्हतं, पण कान मोठे. गोष्ट अशी की एक म्हातारा आपली शेळी विकायला बाजारात चाललाय. फाट्यावर दाव्याची गाठ सुटते. शेळी पळते आणि उभ्या एसटीच्या मागच्या शिडीवरनं थेट टपावर. एसटी सुटते. तेवढ्यात इकडं खिचडी बुडाला लागली, पोरं ताटं घेऊन उभी राहिली, आणि गोष्ट तिथंच राहिली. जेवणं झाल्यावर बघते तर पुस्तकं कपाटात गेलेली.

रात्री भाकरी थापता थापता तिनं मला ती अर्धी गोष्ट सांगितली.

मी म्हणालो, "संपली शेळी. कुनीतरी उतरवून घेतली आन् रस्सा केला."

"परत येती," ती म्हणाली.

"कशी येती? तिला काय पास काढून दिलाय?"

"गाडी मुक्कामी आसंल तर येती. सांजच्याला गावातच येती की गाडी."

"चित्रातल्या गाडीला कुठला आलाय मुक्काम?"

"मग लाव पैज. परत आली तर चहा तू करायचास. रोज."

मी उभ्या जन्मात चहाचं आधण ठेवलं नव्हतं. लावली पैज.

दुसऱ्या दिवशी त्या पोरीच्या घरचं बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढत होतं. तिचे आई-बाप कोपरगावकडं ऊस तोडायला जायचे, पोरगी पण जायची. कपाट पुसायला म्हणून बाईंनी म्हातारीकडं किल्ली दिलेली असायची. तिनं पुस्तक काढलं आणि पोरीच्या दप्तरात घातलं. म्हणाली, "जपून ने. वाच, आन् आल्यावर मला शेवट सांग." घरी येऊन मला सांगितलं तेव्हा मी लई बोललो तिला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शिकायला शाळा हितं, आन् पोरगी तिकडं. मग पुस्तक तरी तिकडं नको व्हय?"

बाईंनी हे सगळं ऐकलं. रागावल्या नाहीत. पण डोकं धरून म्हणाल्या, "बाबा, उद्या निकाल. उद्याच साहेब येणार. माझ्यावर येणार हो हे."

"माझ्यावर घाला. तिनं दिलं, ती न्हाई, तर मी हाय."

बाईंनी फडकं खाली ठेवलं. मग मनातलं बोलल्या. त्यांनाही वाटायचं, सुट्टीत पुस्तकं पोरांना घरी द्यावी. ऊसतोडीला जाणाऱ्या पोरांना तर सोबतच द्यावी. पण जीव धजत नव्हता. "आता असं करू. ते पुस्तक परत आलं, तर उद्या सगळ्या पोरांना पुस्तकं घरी न्यायला देते. नाही आलं, तर पुन्हा मला हा विषय काढू नका."

आता बघा, मी चौथी नापास माणूस. पुस्तकाशी माझा संबंध पंचांगापुरता. पण त्या दिवशी जे अंगात शिरलं ते काय सांगू. पौषापासून मला सकाळ झाली काय आणि संध्याकाळ झाली काय, सारखंच होतं. त्या दिवशी मला उद्याची सकाळ हवी झाली. ऊसतोडीच्या मुकादमाचा निरोप आलाच होता, यंदा ऊस उभा राहिल्यानं उशीर झाला, पण टोळी निघालीय, उद्या पोचेल म्हणून.

सकाळी उठून फाट्यावर जाऊन बसलो. उन्हाचा कडाका, लिंबाखाली मी एकटा. पाथर्डीकडनं जीप आली की उभा राहायचो, टेम्पो आला की उभा राहायचो. टपरीवाला म्हणाला, "आबा, पाव्हनं कोन येनारेत?"

"पुस्तक येनार हाय," मी म्हणालो. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू म्हातारी गेल्यापासून ह्याचं बिनसलंय.

शेवटी ट्रॅक्टर आला. मागं दोन ट्रॉल्या, त्यात खाटा, हंडे, कोंबड्यांची पाटी, कुत्रं. वरच्या गाठोड्यावर ती पोरगी. उन्हानं काळी ठिक्कर पडलेली, हातभर उंच झालेली. ट्रॅक्टर थांबायच्या आत मी ट्रॉलीची फळी धरली.

"आबा," पोरगी वरनं म्हणाली, "आजी कुठंय?"

तिच्या आईनं मान खाली घातली. तिला फोनवर कळलं होतं, पोरीला सांगितलं नव्हतं. मला गोल गोल बोलता येत नाही.

"आजी गेली बाळा, पौषात. शेवट आता मला सांग."

पोरीनं बाहीला डोळे पुसले. नाक पुसलं. मग हळूच म्हणाली, "मला पन म्हाईत न्हाई."

"म्हंजे?"

आई मात्र ताठ झाली. देवाची पेटी उघडली आणि एक चौकोनी गठुळं काढून माझ्या हातात दिलं. खताच्या पांढऱ्या गोणीत घालून चारी बाजूंनी सुतळीनं शिवलेलं. वर हळदकुंकू वाळून खपली झालेलं.

"बगा आबा. जपून ने म्हनल्या हुत्या मावशी. ज्या दिवशी गेलो त्याच दिवशी शिवून टाकलं. दिवाळीला कोयत्याशेजारी मांडून पूजा केली. पोरीला हात लावू दिला न्हाई."

मी कपाळावर हात मारला.

तसेच उठून शाळेत गेलो, मी, पोरगी आणि आई, पायाला रस्त्याची धूळ तशीच. निकालाला जमलेली पोरं दारात गोळा झाली. आईनं विळ्यानं सुतळी कापली. आतनं पुस्तक निघालं ते कोरं करकरीत. बाईंचा चेहरा उजळला.

"कपाटात होतं तेव्हापेक्षा नवं दिसतंय हो."

माझं डोकं फिरलं. "बाई, तुमी काय खुश व्हताय? वाचायला दिलं हुतं, देवाऱ्यात ठिवायला न्हाई." आणि आईकडं वळून म्हणालो, "अगं, पोरगी तिकडं उसाच्या पाचटात खेळत बसली आन् तू पुस्तकाला कुंकू लावत बसलीस?"

आई काय ऐकून घेते. "मग शाळंत तरी काय हुतं? कपाटातच हुतं की. आमी कोपीत, पाचटाच्या झोपडीत, कपाट कुठनं आनावं? म्हनून शिवलं."

बाईंनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा कपाटाकडं. मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "बरोबर आहे तुमचं," एवढंच म्हणाल्या आणि पुस्तक पोरीच्या हातात दिलं. "वाच."

पोरगी वाचायला लागली. सहा महिने अक्षर न बघितलेलं, बिचारी जोडाक्षराला अडायची, बाकीची पोरं मागनं सांगायची, ती त्यांना "गप रे, मला येतंय" म्हणायची. फाटा आला. दावं सुटलं. शेळी टपावर चढली. मला दम निघेना. मी सतरंजीवर पुढं सरकत सरकत तिच्या मांडीपाशी पोचलो.

पान उलटलं. शेळी टपावरनं नदी बघते. पुढच्या पानावर तालुक्याचा स्टँड, लोक वरच्या पाट्या उतरवतात, शेळी पोत्यांच्या आड दबून बसते. पुढच्या पानावर दिवस मावळतोय. पोरगी बोट ठेवून वाचत होती. "गाडी... मुक्कामी होती. ती परत गावाकडे निघाली." शेवटच्या पानावर फाटा, दगडावर एकटा बसलेला म्हातारा, हातात रिकामं दावं, आणि थांबलेल्या गाडीच्या शिडीवरनं खाली उतरणारी शेळी.

पोरांनी गलका केला. मी त्या चित्राकडंच बघत राहिलो.

"काय झालं बाबा?" बाई म्हणाल्या.

"हरलो," मी म्हणालो आणि उठलो.

स्वयंपाकाच्या खोलीत काल न्यायची राहिलेली तिची परात भिंतीला टेकलेली होती. मी भांडं शोधलं, पाणी ठेवलं, गॅस दोनदा विझला, तिसऱ्यांदा पेटला. हाताला लागेल तेवढी चहापूड टाकली. भिंतीपलीकडं कपाटाची दारं करकरली आणि झुंबड उडाली. "मला वाघाचं", "मी आधी धरलं", आणि त्यावर बाईंचा आवाज, "रांगेत या. आणि घरी सांगा, शिवायचं नाही. साहेब आज आले काय, उद्या पुस्तक फाटलं काय, त्यांचं काय ते मी बघेन."

चहा मी पेल्यांत गाळून बाहेर आणला. पहिला त्या पोरीच्या आईला दिला. तिनं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आबा, सहा महिनं ऊस आमी तोडला, आन् आमच्याच चहात साखर न्हाई व्हय?"

सगळे हसले, मीही हसलो. परत आत गेलो, साखरेचा डबा धुंडाळायला. म्हातारी तो कुठं ठेवायची ते मी कधी विचारलंच नव्हतं.