मनुबाईनं समुद्र भांगलला

मनुबाईनं उसाची सरी धरली की मागं तणाची काडी उरायची नाही. फलटणकडच्या त्या मळ्यांत तिच्या जोडीनं भांगलणीला बसायला बायका कां-कूं करायच्या. अशा बाईच्या सोप्यात समुद्र येऊन बसला.

आणला नवऱ्यानं. उमेदीची सगळी वर्षं नौदलात काढून लालासाहेब चौऱ्याहत्तर साली घरी आले आणि गप्पच झाले. भिंतीकडं बघत भाकरी खायचे. मनुबाईचा जीव खालीवर व्हायचा. मग त्यांनी काचेची पेटी करून घेतली, पाण्यात बुडबुडे सोडणारं हवेचं यंत्र तिला लावलं, ट्रकवाल्या सिद्धूकडून रत्नागिरीचं खारं पाणी डब्यांतून आणवलं, मालवणचा एक धोंडा मिळवला. धोंड्यावरचे हिरवे, बटणाएवढे जीव फुलांसारखे उमलले आणि लालासाहेबांची जीभ सुटली. कोचीन काय, अंदमान काय! फुलं उमललेली असली की माणूस बोलतो, एवढंच मनुबाईला कळत होतं.

एक दिवस फुलं मिटली. शेजारी तपकिरी, केसाळ झुबके उगवले होते.

"धोंड्याला चिकटूनच आली असणार. डंख मारत्यात ती. फुलं जगायची न्हाईत आता," लालासाहेब म्हणाले आणि परत भिंतीकडं तोंड करून बसले.

ते बाजाराला गेले तशी मनुबाईनं पदर खोचला. पाण्यातलं झालं तरी तण ते तणच! खुरप्यानं एकेक झुबका खरवडून काढला. हाताला खाज सुटली तरी मागं हटली नाही. पण थोड्याच दिवसांत एकाच्या जागी पाच झाले.

"खुरपं घातलंस व्हय?" लालासाहेब ओरडले. "आगं, तुकडा पडला की त्याचं नवं हुतं!"

"आवं, मग आदी सांगायचं न्हाई? तोंडाला कुलूप घालून बसायचं, आन् वर मलाच बोलायचं!"

शेजारची धोंडुबाई हसून लोळायची राहिली. "मने, तुज्या हातनं तण वाढलं? लय नवल गं बाई!"

मनुबाईचं ध्यान तिच्या मानेकडं होतं. "तुजी चामखीळ कशानं गेली गं?"

"चुना लावला. वढून का जाती ती?"

"मग ही बी चामखीळच!"

मनुबाईनं पानाचा चुना पाण्यात घोटला आणि शाईच्या ड्रॉपरमध्ये भरला. लालासाहेबांनी हात धरला. "सगळं पाणी नासंल गं."

"थेंबच घालती. ते हवेचं यंत्र तेवढं बंद करा, म्हंजी चुना पसरायचा न्हाई."

थेंब पडला. खाऊ समजून झुबक्यानं तो गिळला आणि आक्रसला. मग रोज एक-दोन झुबके, बेतानंच. झुबके विरघळून गेले, त्यांच्याबरोबर काही फुलंही गेलीच. पण एका सकाळी एक हिरवं फूल हळूच उघडलं, मग त्याच्या शेजारचं. लालासाहेबांनी चहा तसाच ठेवला आणि अंदमान पहिल्यापासून सुरू केलं. मनुबाईनं सगळं नव्यानं ऐकल्यासारखं ऐकलं.

"फुडच्या खेपंला सिद्धूकडनं आनिक एक धोंडा आणवतो," ते म्हणाले.

"आणवा की. पर आदी माज्या हातात द्यायचा. उलटापालटा करून बगीन, मगच आत."